मेजर ग्रेमची जोडी

डूगल मॅकआल्पिन मेल्याची खबर येऊन पाच वर्षं झाली, तरी त्याची बायको मार्सली अजून रडली नव्हती. सुरुवातीला डून गावातल्या बायका म्हणायच्या, काय धीराची आहे बाई. वर्षभरानं त्याच म्हणायला लागल्या, दगड आहे नुसता. दोन्ही बोलणी मार्सलीच्या कानावर आली आणि दोन्ही तिला सारखीच लागली, म्हणजे लागलीच नाहीत. जहागिरीचा कारभारी हेपबर्न खबर घेऊन आला तेव्हा ती चुलीवर ओटची लापशी ढवळत होती. टोपी काढून तो म्हणाला, "अमेरिकेत. तापानं." लापशी खाली लागू नये म्हणून ती ढवळत राहिली. थंडीत बोटं बधिर होतात आणि शेकली की पुन्हा आपली होतात. मार्सलीचं जे बधिर झालं ते शेकूनही परत आलं नाही.

घरात ती आणि सासरा, दोघंच. सासरा फिन्ले मॅकआल्पिन पिस्तुलं घडवायचा. लाकडाचा कण नसलेली, मुठीपासून नळीपर्यंत सबंध पोलादाची, मुठीच्या टोकाला मेंढ्याच्या शिंगांसारखी दोन वेटोळी असलेली ही पिस्तुलं एके काळी या गावात घरोघर बनत. आता तीन भट्ट्या उरल्या होत्या. लंडनच्या कारखान्यातून स्वस्त माल यायला लागला होता, आणि खालच्या अंगाला टीथ नदीच्या काठी सूतगिरणीचा पाया खणत होते. गावातली तरणी पोरं तिकडेच डोळे लावून बसली होती. फिन्लेकडे येणारं काम म्हणजे कोणा उमरावाची जुनी पिस्तुलं दुरुस्त करणं, नाहीतर कोणाला भेट द्यायची जोडी.

तशी एक जोडी सांगायला हेपबर्न १७८४च्या ऑगस्टात भट्टीवर आला.

"फिन्ले, आजवर केली नसशील अशी जोडी पाहिजे," तो म्हणाला. "आपले मेजर ग्रेम सुखरूप परत आलेत. आसपासच्या सगळ्या बड्या मंडळींनी ठरवलंय, त्यांचा मान करायचा. चांदीत हात आखडू नकोस."

फिन्लेनं भाता थांबवला. "मजकूर?"

हेपबर्ननं कागद काढला. फिन्लेला वाचता येत नव्हतं, म्हणून तो कागद मार्सलीच्या हातात गेला. तिनं मोठ्यानं वाचलं. "मेजर लडोविक ग्रेम यांस. आपली माणसं सांभाळून घरी आणल्याबद्दल, ऋणी शेजाऱ्यांकडून."

मेजरबरोबर या भागातून चाळीस जण अमेरिकेतल्या लढाईवर गेले होते, सतरा परत आले होते. हेपबर्नलाही ते एकदम आठवलं असावं, कारण तो दाराबाहेर बघायला लागला.

"अक्षरं बरीच आहेत," मार्सली म्हणाली. "दोन्ही नळ्यांवर मिळून बसवावी लागतील."

"बसवा कशीही," हेपबर्न म्हणाला आणि घाईनं निघून गेला.

गावाला वाटायचं की कोरीवकाम म्हातारा स्वतः करतो. खरं तर त्याचा उजवा हात कधीचाच थरथरायला लागला होता. नक्षी हे डूगलचं काम. लग्नानंतर ती दोघं चार महिने एकत्र राहिली, तेवढ्यात गंमत म्हणून त्यानं बायकोला पितळेच्या तुकड्यावर कोरणी धरायला शिकवलं. काटेफूल कसं काढायचं, खोल चर खणून त्यात चांदीची तार ठोकून कशी बसवायची, सगळं. "तुझा हात माझ्यापेक्षा शांत आहे गं," असं तो हसून म्हणायचा. मग फौजेची भरती निघाली. ज्या घरातून एक मुलगा जाईल त्या घराचा भाडेपट्टा आणखी एकोणीस वर्षं वाढवून मिळेल, असं जहागिरीतून सांगणं आलं. घर आणि भट्टी राहावी म्हणून डूगल गेला. तो गेल्यावर कोरणी मार्सलीकडे आली ती तिच्याकडेच राहिली.

ती जोडी करायला दहा आठवडे लागले. फिन्लेनं नळ्या घडवल्या, घोडे आणि चाप बसवले. मार्सली खिडकीपाशी बसून मुठींवर, नळ्यांवर, घोड्याच्या मानेवरसुद्धा वेलबुट्टी खणत राहिली. 'घरी आणल्याबद्दल' ही अक्षरं आली तेव्हा फिन्ले हातातलं काम टाकून तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"कुठपर्यंत आलं, पोरी?"

"'घरी' झालं. 'आणल्याबद्दल' राहिलंय."

"तुला जड जात असेल तर..."

"नाही जात, मामंजी. उजेडातून सरका जरा."

तिला खरंच जड जात नव्हतं. चर सरळ जातोय की नाही, एवढंच ती बघत होती. म्हातारा सरकला खरा, पण त्या दिवशी तो जेवला नाही.

पिस्तुलं लटकवायचे पट्टे आणि पेटीचं आतलं कातडी अस्तर करायला निनियन स्टर्क यायचा. दोन घरं सोडून राहणारा हा जीनगर चाळिशीतला विधुर होता. डोक्यावरचे केस गेले होते, जीभ तेवढी शाबूत होती. उन्हाळ्यात त्यानं मार्सलीला लग्नाचं विचारलं होतं. "माझ्याकडे एक गाय आहे, कोरडं छप्पर आहे आणि मी घोरत नाही," असं तो म्हणाला होता. "निदान पहिली बायको तरी तक्रार करायची नाही. ती बहिरी होती म्हणा." मार्सलीनं त्याला होही म्हटलं नव्हतं, नाहीही नव्हतं. त्याचा तिला राग नव्हता. त्याच्या घरी राहिलं काय आणि इथे राहिलं काय, तिला त्यात फरक दिसत नव्हता, आणि फरक दिसत नसताना हो म्हणणं तिला अप्रामाणिक वाटत होतं.

अस्तराचे खिळे मारताना निनियन म्हणाला, "झाला का विचार करून?"

"अजून नाही."

"बरं. घाई नाही. गाय तेवढी म्हातारी होतेय."

ऑक्टोबरच्या अखेरीस गावच्या खाणावळीत वरच्या मजल्यावर जेवण ठेवून जोडी द्यायचं ठरलं. पेटी घेऊन फिन्ले आणि मार्सली दाराशी उभे राहिले. खुर्चीवर बसायला त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही अपेक्षा केली नव्हती. मटणाचा वास, भिजलेल्या लोकरीचा वास, भाषणांवर भाषणं. मेजर ग्रेम पंचेचाळिशीचा, वाळका माणूस होता. खाली मान घालून तो स्वतःची स्तुती ऐकत होता. शेवटी हेपबर्ननं पेटी उघडून त्याच्यापुढे धरली.

मेजरनं एक पिस्तूल उचललं. नळीवरचा मजकूर वाचला आणि चेहरा तसाच ठेवला. मग त्याची नजर मुठीवर गेली. मुठीवर एक काटेफूल होतं. डावीकडे तीन पानं, उजवीकडे दोन, देठ वाऱ्यानं वाकावा तसा वाकलेला. तो ते बघतच राहिला. मंडळी टाळ्या वाजवत होती. मेजरनं मान वर करून खोलीभर नजर फिरवली, कोणाला तरी शोधल्यासारखी. मग दोन वाक्यांत आभार मानून तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच भट्टीवर आला. हातात पेटी होती.

"एका पिस्तुलाचा चाप घट्ट वाटतोय," तो म्हणाला.

फिन्लेचा चेहरा पडला. त्याच्या हातचा चाप आजवर कोणी परत आणला नव्हता. तो पिस्तूल घेऊन मागच्या कोठडीत गेला. तिथून कानस चालल्याचा आवाज यायला लागला, तसा मेजर मार्सलीकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तो परत आलाय का?"

"कोण, साहेब?"

"डूगल. ते फूल त्याचं आहे. बंदुकीची दारू ठेवायच्या माझ्या शिंगावर त्यानं तसंच कोरलं होतं. हे बघ, तो कुठे लपला असला तरी मी कोणाला सांगणार नाही. पण त्यानं इथे राहणं बरं नाही."

मार्सलीनं कोरणी खाली ठेवली. "ते फूल मी काढलंय. त्यानं शिकवलं होतं. मेलेला माणूस कसा येईल परत?"

मेजरच्या तोंडावरचा रंग उतरला. चुकून पाय भलत्याच पायरीवर पडावा तसा तो क्षणभर अडखळला. मग तिथल्याच एका ठोकळ्यावर बसला.

"तू त्याची कोण?"

"बायको."

मागे कानस चालू होती. मेजर बराच वेळ हातातल्या टोपीची कड फिरवत राहिला.

"तो तापानं मेला नाही," अखेर तो म्हणाला. "निदान मी पाहिला तेव्हा मेलेला नव्हता. आमचं जहाज बोस्टनला लागलं तेव्हा बंदर शत्रूकडे गेलंय हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. सगळे कैदेत पडलो. माणसं शेताशेतांवर वाटून दिली. डूगलला व्हर्जिनियात एका जर्मन बंदूकवाल्याकडे ठेवला. दोन वर्षांनी कैद्यांची अदलाबदल ठरली, मी एकेकाला गोळा करत गेलो. तो म्हणाला, मी येत नाही."

"का?"

"मी विचारलं नाही." मग थोडं थांबून, "त्या घरात एक बाई होती. मालकाची मुलगी. माझ्यासमोर आली नाही ती, दाराआडून बघत होती."

मार्सलीनं बाकावरचा पोलादाचा कीस एका बाजूला सारला.

"फितूर म्हणून नाव लिहिलं असतं तर हेपबर्ननं त्याच महिन्यात तुमचं घर आणि भट्टी काढून घेतली असती. पट्टा डूगलच्याच नोकरीवर होता. मेला म्हणून लिहिलं तर काही धोका नव्हता. मला वाटलं, तुमच्यावर उपकारच करतोय."

"उपकारच झाले, साहेब," ती म्हणाली.

ती हे टोचून बोलली नव्हती. घर राहिलं होतं, ही गोष्ट खरीच होती. पण मेजरला ते सोसलं नाही. "शिवी दे हवं तर," तो म्हणाला.

"काय देऊ?"

फिन्ले बाहेर आला. "चाप उत्तम आहे, साहेब," तो जरा ताठ होऊन म्हणाला. "मला तर काही सापडलं नाही."

"माझाच हात जड असेल," मेजर म्हणाला आणि पेटी घेऊन गेला.

मार्सलीनं उरलेली सकाळ हातातलं काम करण्यात घालवली. दुपारी ओटच्या भाकऱ्या भाजल्या. रडू येईल, निदान राग तरी येईल, म्हणून तिनं थोडी वाट पाहिली. चुलीवरचा तवा तापला, भाकरी फुगली, कड जराशी करपली. बाकी काही झालं नाही. नवरा मेला तेव्हा जिथे काही हललं नव्हतं, तिथे तो जिवंत झाल्यावरही काही हललं नाही.

म्हाताऱ्याला सांगावं की नाही, हे तिला कळेना. घरी आणलेल्या माणसांविषयी कोरताना तो उपाशी राहिला होता, ते तिला आठवलं. दुसऱ्या दिवशी न्याहारीला तिनं ताटली पुढे ठेवली आणि सरळ सांगून टाकलं.

"मामंजी, डूगल जिवंत आहे. अमेरिकेतच राहिलाय. मेजरनं मेला म्हणून लिहिलं, आपलं घर वाचावं म्हणून. तिथे त्याची बाई आहे."

फिन्लेचा चमचा हातातच राहिला. "जिवंत?"

"हो."

"तापानं नाही मेला?"

"नाही."

म्हाताऱ्यानं दोन्ही तळवे मेजावर टेकले आणि तो रडायला लागला. आधी आवाज नव्हता. मग असा आवाज आला की मार्सलीनं उठून दार लावून घेतलं. पाच वर्षं तोही रडला नव्हता हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. मध्येच तो हसत होता, नाक पुसत होता, "गाढव! अरे गाढवा!" असं मुलाला म्हणत होता. "आणि कोणाकडे? बंदूकवाल्याकडे! म्हणजे धंदा सोडला नाही पोरानं."

"नाही सोडला."

खूप वेळानं त्याला सुनेची आठवण झाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. "पोरी... तुझं काय?"

"लापशी निवतेय," ती म्हणाली.

पत्र लिहायचं ठरलं. लिहिणार तीच, दुसरं कोण? फिन्लेनं तीन दिवस मजकूर सांगितला. भट्टीचं सांगितलं, गिरणीचं सांगितलं, गुडघेदुखीचं सांगितलं, रागावलो नाही हे चार वेळा सांगितलं. शेवटी चाचरत म्हणाला, "लिही, मार्सली बरी आहे."

तिनं लिहिलं, मार्सली बरी आहे. नवऱ्याबद्दल स्वतःच्या हातानं लिहिलेलं एवढंच वाक्य, आणि तेही सासऱ्यानं सांगितलेलं. मेजरनं ग्लासगोच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यामार्फत ते पाठवून दिलं.

निनियनला तिनं डिसेंबरात सगळं सांगितलं. तो एक लगाम शिवत होता. सुई थांबवून त्यानं पूर्ण ऐकलं.

"चर्चच्या वहीत तो मेलाय," तो म्हणाला.

"वहीत मेजरच्या सांगण्यावरून आलंय ते."

"म्हणजे मेजरला ठाऊक, म्हाताऱ्याला ठाऊक, तुला ठाऊक. आता मला."

"मी तुला फसवून हो म्हणणार नव्हते."

"म्हणजे हो म्हणणार होतीस?"

ती विचार करू लागली. "माहीत नाही."

निनियननं पुन्हा शिवायला घेतलं. "मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला. "पहिल्या बायकोबरोबर राहून मलाही कमी ऐकू यायला लागलंय." पण या वेळी तो हसला नव्हता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

उत्तर यायला वर्ष लागलं. पुढच्या वर्षी सफरचंदं उतरत होती तेव्हा मेजरचा नोकर पाकीट घेऊन आला. फिन्ले अंगणातच बसला. "वाच," तो म्हणाला. "हळू वाच."

मार्सलीनं हळू वाचलं. डूगल बरा होता. लांब नळीच्या बंदुका बनवत होता. तिकडे लाकडाचे दस्ते करतात, त्यावर पितळेची नक्षी. बायकोचं नाव कातारिना. तीन मुलं. मोठ्याचं नाव फिन्ले.

"परत वाच ते."

"मोठ्याचं नाव फिन्ले. तो सहा वर्षांचा आहे. त्याचे कान बाबांसारखे आहेत."

"परत एकदा."

तिनं तिसऱ्यांदा वाचलं. मग शेवटची ओळ आली. ती वाचावी की गाळावी असा तिच्या मनात एक क्षण आला. पण कागदावर होतं ते वाचायची तिला सवय होती. "मार्सलीला सांगा, तिनं माझ्यासाठी थांबू नये. तिचा हात माझ्यापेक्षा शांत होता, हे मी इकडे सगळ्यांना सांगतो."

म्हातारा जमिनीकडे बघत राहिला. तिनं पत्राची घडी घातली. मोठ्या मुलाचं वय तिनं मागे नऊ महिने धरून मनात मोजलं होतं. अदलाबदलीच्या वेळी ती बाई दाराआडून बाहेर का आली नाही, ते तिला कळलं. कळलं, आणि तेवढंच.

"मामंजी," ती म्हणाली, "मी निनियनला हो म्हणू का?"

फिन्लेनं मान वर केली. मग जे खरोखर मनात होतं तेच बोलून गेला, "आणि पत्रं कोण वाचील?"

मार्सलीला हसू आलं. इतक्या वर्षांनी आलं की आधी तिला तो खोकलाच वाटला. "दोन घरं पलीकडे तर जातेय," ती म्हणाली. "हाक मारलीत तरी ऐकू येईल."

वसंतात चर्चमध्ये ओळीनं तीन रविवार त्यांच्या लग्नाची घोषणा झाली. तिसऱ्या रविवारी पाद्रीबुवांनी चष्म्यावरून सगळीकडे पाहून विचारलं, या लग्नाला कोणाची काही हरकत आहे का? मेजर ग्रेम पुढच्या बाकावर बसला होता. तो हातमोज्याची शिवण निरखत होता. फिन्ले एकदा खाकरला आणि निनियननं दचकून त्याच्याकडे बघितलं, पण म्हातारा नुसताच खाकरला होता. मार्सलीची बोटं गार पडली होती. ती भीती असेल, असं तिनं धरून चाललं. पाद्रीबुवांनी पान उलटलं.

निनियन थोडं घोरायचा. त्याबद्दल तिनं त्याला कधी काही म्हटलं नाही. सकाळी ती सासऱ्याच्या भट्टीवर जायची, दुपारी जीनगराच्या घरी पितळी बकलांवर नक्षी करायची. चाबकाच्या मुठींवरही करायची, कारण पिस्तुलं आता कोणीच मागत नव्हतं. वर्षाकाठी एक पत्र यायचं. ती जाऊन वाचून दाखवायची, सांगेल तसं उत्तर लिहायची. एका पत्रात धाकटी मुलगी गेल्याचं होतं. ते वाचताना तिचा आवाज दोन शब्दांपुरता अडकला, आणि फिन्लेनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

सात वर्षांनी, फेब्रुवारीत, फिन्ले भट्टीवरच्या बाकावर बसल्या बसल्या गेला. निनियन आणि शेजाऱ्यांनी त्याला मातीआड केलं. आठ दिवसांनी मार्सलीनं कागद घेतला. आता सांगायला कोणी नव्हतं, तरी तिला फार वेळ लागला नाही.

"बाबा गुरुवारी गेले," तिनं लिहिलं. "त्रास झाला नाही. भट्टीचा पट्टा संपत आला होता, तो पुढे घेतलेला नाही. त्यांची हत्यारं माझ्याकडे आहेत. तुझ्या मोठ्या मुलाला हवी असतील तर कळव, पाठवीन. नाहीतर मी वापरते आहे."

खाली तिनं आपलं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत थांबली, घडी घातली, आणि ग्लासगोकडे जाणारा गाडीवान दारात उभाच होता, त्याच्या हातात पत्र दिलं.